हवालदाराचं म्हणणं

"आता या वयात पुन्हा शाळा!" केशवापूरच्या घरातून निघताना इन्स्पेक्टर श्रीकांत बायकोला म्हणाले. बावीस वर्षांच्या नोकरीनं ते पार थकले होते. त्यात १९९८ च्या जूनमध्ये धारवाडला पोलीस अधिकाऱ्यांसाठी आठवड्याचं प्रशिक्षण निघालं. विषय होता नेतृत्व. वरचा हुकूम, जाणं भाग होतं.

वर्ग घ्यायला शकुंतलाबाई होत्या, निवृत्त प्राध्यापिका. दोन दिवस श्रीकांतनी मागच्या बाकावर डुलक्या काढल्या. तिसऱ्या दिवशी बाईंनी त्यांनाच विचारलं, "साहेब, तुमचं चुकतंय, असं हाताखालच्या माणसानं तुम्हाला शेवटचं कधी सांगितलं?"

"कुणाची छाती आहे, मॅडम?" श्रीकांत हसले.

बाई हसल्या नाहीत. "मग तुमच्या चुका तुम्हाला कळतात कशा? धाकानं माणसं सलाम ठोकतात, साहेब. खरं सांगत नाहीत."

श्रीकांतचं हसू मावळलं. महिन्यापूर्वी अळणावरकडच्या बाबाजी नावाच्या मजुराला त्यांनी घरफोडीत धरलं होतं. "सर, हा तो नव्हेच..." एवढं हवालदार गोपाळ बोलला होता, आणि "तोंड मीट!" म्हणून त्यांनी त्याला हाकललं होतं. बाबाजी अजून तुरुंगातच होता!

मधल्या सुट्टीत त्यांनी ठाण्यात फोन लावला. "गोपाळ, त्या दिवशी काय सांगत होतास?"

पलीकडे गोपाळनं आवाज खाली आणला. मग, "सर, रागावणार नाही न्हवं?"

"नाही. सांग."

"घरफोडी झाली तेव्हा तो आजारी बायकोला घेऊन सरकारी दवाखान्यात होता, सर. तिथल्या वहीत त्याचा अंगठा आहे."

वही मागवली, तर त्याच तारखेला बाबाजीचा अंगठा निघाला. श्रीकांतनी आपली चूक कबूल करून कोर्टाला लिहून दिलं. बाबाजी सुटला त्या दिवशी ते तुरुंगाच्या दाराशी गेले आणि हात जोडले.

"बायको एकटी पडून होती, सर. पाच आठवडे," एवढंच बोलून बाबाजी बसच्या दिशेनं चालू लागला.

दुसऱ्या सकाळी हजेरीच्या वेळी श्रीकांत शिपायांपुढे उभे राहिले. "गोपाळचं ऐकलं असतं तर निरपराध माणूस आत गेला नसता. यापुढे माझं चुकलं तर तोंडावर सांगा." शिपायांनी नेहमीसारखाच सलाम ठोकला. वर्षानुवर्षांची भीती एका सकाळीत थोडीच जाते!

वाचकहो, खुर्ची ठाण्यातली असो, कचेरीतली असो की घरातली. हाताखालच्याचं तोंड बंद करणारा आपलेच कान बंद करतो. आणि शिक्षा भोगतो भलताच कुणी!