चारही सिलेंडर

एकोणीसशे ब्याऐंशी साल. भावाच्या गॅरेजात ती नवऱ्याच्या टॅक्सीत स्टिअरिंगमागे बसली होती. उघडलेल्या बॉनेटपलीकडून भाऊ म्हणाला,

"बायो, अ‍ॅक्सिलरेटर पार खाली दाब, मग चावी फिरव."

काम तिला नवं नव्हतं. गॅरेज वडिलांचं असताना कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, बघायचं म्हटलं की आत तीच बसायची. पेडल दाबलं नाही तर इंजिनाला हवा मिळत नाही आणि धडधाकट इंजिनही मेल्यासारखं दाखवतं, हे तिला पाढ्यांआधी पाठ झालं होतं.

नवरा दाराला टेकून उभा होता, तांबारलेले डोळे चोळत. गेल्या आठवड्यात पहाटे त्याचा डोळा लागला आणि गाडी दुभाजकावर चढली. दोष त्याने रस्त्याला दिला. कारखान्यात स्टोअरची जागा चालून आली होती. पण इंजिनात जीव आहे तोवर टॅक्सी सोडणार नाही, असं त्याने दोघा बहीणभावांना बजावलं होतं. हल्ली गाडी चढावर दम टाकायची, म्हणून आज दाखवायला आणलेली.

तिने पाय पेडलशेजारी खाली टेकवला आणि चावी फिरवली.

इंजिन कण्हलं. प्लगच्या भोकात बसवलेलं मीटर भावाने वाचलं, मग पुढच्या भोकात बसवलं. चारही सिलेंडर कमी. त्याने प्रत्येकात चमचाभर तेल सोडलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या, तर आता काटा चढला असता. काटा जेमतेम हलला.

 भाऊ हात पुसत तिच्या दाराशी आला आणि आत वाकला. तिची चप्पल होती तिथेच होती. तिने ती हलवली नाही, वरही बघितलं नाही.

"दाजी," तो वळून म्हणाला, "चारही बसलेत. नाद सोडा आता."

"चारही? एकदम?"

"वय झालं. तिचंही आणि तुमचंही."

नवऱ्याने बॉनेटवर हात ठेवला, काढला. बाकावर जाऊन बसला आणि बसल्या बसल्या झोपला.

तो स्टोअरमध्ये लागला, निवृत्तीपर्यंत टिकला. टॅक्सी भावाने ठेवून घेतली. कार्बोरेटर साफ करून ती बरीच वर्षं पळवली, पण बहिणीच्या गल्लीत कधी आणली नाही. भाऊ गेल्यावर गॅरेजही गेलं. तिचे गुडघे धरले. एका दुपारी ती त्यांना तेल चोळत बसली असताना नवऱ्याने वर्तमानपत्रातून मान न काढता विचारलं,

"त्या दिवशी गॅरेजातही पाय दुखत होता का गं?"

ती चोळत राहिली.

"थोडा," म्हणाली.

"वाटलंच मला," म्हणत त्याने पान उलटलं.