वजन घेता आले नाही

शामलाच्या कार्डावर वजनाचा एक रकाना होता आणि त्यात चार महिने एकच मजकूर होता: 'घेता आले नाही'. कौशल्या सिस्टर दर वेळी तो सुवाच्य अक्षरात लिहायची आणि खाली रेघ ओढायची. वाचणाऱ्याला वाटावं, शामलाच आपलं वजन पदराखाली लपवून आणते आणि मागितलं तर देत नाही.

दवाखाना सरकारी, बाळंतपणाचा. दाराशी अकरा पायऱ्या. शामलाने त्या मोजल्या होत्या, कारण तिला त्या एकेक करून हातांवर चढाव्या लागत. चार वर्षांची असताना पोलिओने तिचे दोन्ही पाय नेले. नागपुरात इंदोऱ्याच्या त्यांच्या वस्तीत ती हातमशीनवर ब्लाउज शिवायची, आणि हिंडायची ती चार बेअरिंगं ठोकलेल्या लाकडी फळीवर बसून. फळी तिच्या नवऱ्याने, बळीरामने केली होती. बळीराम इतवारीच्या धान्यबाजारात हमाल. क्विंटलाचं पोतं पाठीवर घेऊन गोदामाचा जिना चढणारा गडी, त्याला शामला म्हणजे काय? तो तिला अल्लाद उचलून अकरा पायऱ्या चढायचा आणि बाराव्या पावलाला चौकीदार मधुसूदन त्याच्या छातीपुढे काठी आडवी धरायचा.

"पुरुषायले आत मनाई हाये."

"अबे, ते चालू शकत नाही. आत कोण नेईन तिले?"

"ते मले काय विचारतं? पाटी पाह्य."

मग बळीराम तिला उंबऱ्यावर ठेवायचा आणि शामला तिथून पुढे फिनाइलने ओल्या फरशीवर हातांनी सरकत जायची. त्या साली दाराच्या कमानीवर एक नवा कापडी फलक लटकला होता, 'आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष १९८१'. शामला तो दर खेपेला खालून वाचायची. फलक लावणारा शिडीवर चढला असेल, हे तिला कौतुकाचंच वाटायचं.

आत वजनाचा काटा होता. उभं राहून वजन घ्यायचा. पाऊल मावेल एवढी चौकट आणि वर तबकडी.

"उभी राह्य वं," सिस्टर म्हणायची.

"सिस्टर, मी उभी राहू शकली असती तं इथं घसरत काहून आली असती?"

"मंग लिहू का, घेता आलं नाही?"

शामलाने उपाय सुचवले नाहीत असं नाही. नवऱ्याला आत येऊ द्या, तो मला घेऊन काट्यावर उभा राहील, मग त्याचं वजन वजा करा. पुरुष आत कसा येईल? बरं, मग काटा दाराशी आणा. काटा दाराशी कसा येईल, तो या खोलीच्या डेडस्टॉक रजिस्टरात नोंदलेला आहे. बरं, मग आयाबाईंना म्हणा, मला उचला. आयाबाईंनी कमरेला हात लावून असा चेहरा केला की शामलालाच त्यांची कीव आली. दवाखान्यात प्रत्येकाकडे न करण्याचं एक सबळ कारण होतं आणि शामलाकडे फक्त पोट होतं, ते मात्र वाढत होतं.

तपासायचं टेबलही तसंच. शामला जमिनीवर बसली की ते तिच्या डोक्याच्या वर हातभर. चढायला एक स्टूल, त्याचा एक पाय आखूड. म्हणून डॉक्टरबाई तिला बाकावर बसवूनच वरवर तपासायच्या. बाई वाईट नव्हत्या. तरुण होत्या, मुंबईहून शिकून आलेल्या, आणि एका सकाळी शंभर बायका पाहून त्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. पण सातव्या महिन्यात त्या कार्ड पाहून वैतागल्या.

"पोट नीट तपासता येत नाही, वजन नाही. मूल वाढतंय की नाही हे मी ओळखायचं कशावरून? आठ दिवसांत वजन घेऊन या, कुठूनही."

कुठूनही! शामला घरी येईपर्यंत धुसफुसत होती. बळीराम मात्र तिच्या फळीच्या गाडीची दोरी ओढता ओढता थांबला आणि म्हणाला, "आमच्या बाजारात काटाच काटा हाये की. बसून काय, झोपून वजन घे."

हे दोघांना इतके दिवस सुचलं नव्हतं, याचा शामलाला आणखीच राग आला.

बाजारात देवाजी मापारी होता. तीस वर्षं धान्य मोजत आलेला म्हातारा. शेतकरीही त्याच्या मापावर भांडत नसत आणि त्यांचा माल विकून देणारे अडतेही. अडतीच्या दुकानाच्या ओट्यावर त्याचा लोखंडी काटा, खाली बसका फळा, जमिनीपासून वीतभर उंच. बळीरामने फळ्यावर आपला दुपट्टा घातला, शामला आपली आपण सरकून वर बसली. कोणी उचललं नाही की उभी राहा म्हटलं नाही. देवाजीने वजनं चढवली, दांडी सरळ झाली आणि तो सवयीने ओरडला, "लाऽभ!"

बाजारात पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. शामलाला ते ऐकून का कोण जाणे, डोळ्यांत पाणीच आलं. देवाजीने चिठ्ठी लिहून दिली: साडेचव्वेचाळीस किलो. डॉक्टरबाईंनी ती टाचणीने कार्डाला लावली आणि 'छान' म्हटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा.

आठवा लागला तेव्हा वैशाख होता. नागपूरचा वैशाख, काट्याचं लोखंड तव्यासारखं तापलेलं. बळीरामने दुपट्ट्याऐवजी एक रिकामं पोतं घडी करून फळ्यावर टाकलं, त्यावर शामला बसली. लाभ झाला, चिठ्ठी मिळाली. दोघांपैकी कोणी ती वाचली नाही. बळीरामला पुढच्या ट्रकवर जायचं होतं आणि शामलाला ऊन सोसवत नव्हतं.

ती चिठ्ठी डॉक्टरबाईंनी दोनदा वाचली.

"चव्वेचाळीस? गेल्या महिन्यापेक्षा अर्धा किलो कमी?"

"कमी कसं होईन बाई? मी दोन येळा ब्लाउज उसवला."

"या महिन्यात वजन वाढायला हवं. कमी होतंय याचा अर्थ मूल वाढत नाहीये. सोमवारी भरती व्हायचं. गरज पडली तर ऑपरेशन करून मूल लवकर काढावं लागेल."

सातव्याचं लेकरू जगतं, पण आठव्याचं जगत नाही, हे शामलाच्या वस्तीतली पाच वर्षांची पोरगीही सांगायची. लग्नाला सहा वर्षं झाली होती. हिला काय मूल होणार आणि झालं तर सांभाळणार कोण, असं सगळ्यांनी ऐकवून ऐकवून थकल्यावर हे दिवस आले होते.

"बाई, माह्या टेपनं पाहा," ती गळ्यातली शिंपीणबाईची टेप काढत म्हणाली. "मागच्या महिन्यात पोट बत्तीस इंच होतं. आज चौतीस. टेप खोटी नसते."

"हे शिवणाचं दुकान नाही, शामला."

"दुकान राह्यलं असतं तं बरं झालं असतं. तिथं गिऱ्हाइकाचं माप तरी घेते."

डॉक्टरबाईंचा चेहरा लाल झाला. पण त्यांनी कार्डावर लिहिलं ते लिहिलंच: सोमवारी भरती.

घरी जायच्या रस्त्यावर शामला कार्डावरची चिठ्ठी काढून पुन्हा पुन्हा वाचत होती. कामठी रोडच्या वळणावर ती एकदम म्हणाली, "गाडी फिरवा. इतवारीत चला."

देवाजी ओट्यावर बसून पान लावत होता. शामलाने चिठ्ठी त्याच्यापुढे धरली.

"काका, हे माप बरोबर हाये का?"

देवाजीला हा प्रश्न तीस वर्षांत कोणी विचारला नसावा. त्याने चष्मा चढवला. "बरोबर म्हंजे? काटा साडेसेहेचाळीस बोलला. एक किलो बारदाना गेला."

"बारदाना ठीक. पोतं होतं खाली. मंग साडेपंचेचाळीस राह्यले. इथं चव्वेचाळीस कसे?"

"आता कडता नाही कापणार का? दीड किलो, पोत्यामागं."

"कडता कायचा?"

"मातीचा, काडीकचऱ्याचा, ओलीचा. मालात ते राह्यतेच, सूनबाई. साऱ्या बाजाराची रीत हाये..." आणि बोलता बोलता देवाजीचं तोंड उघडंच राहिलं. पान हातातून मांडीवर पडलं.

पोतं दिसलं की त्याच्या हाताने पोत्याचा हिशेब केला होता. मागच्या महिन्यात दुपट्टा होता म्हणून हात गप्प बसला. तीस वर्षांच्या चोख मापाऱ्याने शामलामधून दीड किलो माती-काडी वजा केली होती.

"माह्यात माती कुठं हाये, काका?" शामला ओरडली. अख्खी अडत थांबून पाहू लागली. "त्या मातीपायी माह्या लेकराले आठव्यात काढून राह्यले ते! आता तुमाले हसू का रडू सांगा!"

देवाजी उठला आणि त्याने आपल्या कानाला हात लावला. मग तो रडायला लागला. त्याचं रडणं थांबवण्यातच बळीरामची अर्धी दुपार गेली.

दुसऱ्या दिवशी शामला खुलासा घेऊन गेली तेव्हा डॉक्टरबाईंनी हात जोडले. "बाजाराच्या चिठ्ठीवर मी विसंबले हीच माझी चूक. आता चिठ्ठी नको. मला माझ्या डोळ्यांनी वजन दिसलं तरच भरती रद्द."

"डोळ्यानं पाहाल न? पाहा मंग," शामला म्हणाली.

रविवारी बाजार बंद होता. सोमवारी सकाळी आठला, बाजार उघडायच्या आधी, एक हातगाडी दवाखान्याच्या फाटकातून आत आली. तिच्यावर देवाजीचा काटा, वजनांची पेटी आणि स्वतः शामला. मागे बळीराम, दोन हमाल, आणि धुतलेलं धोतर नेसलेला देवाजी. मधुसूदनने पायऱ्यांवरूनच काठी उगारली. "सामान आत न्याले परवानगी लागते!"

"आत कोण येऊन राह्यलं?" शामला म्हणाली. "आमी खालीच बसतो. डॉक्टरबाईले सांगा, त्यायले पाय हायेत. त्याच खाली येतील."

निरोप वर गेला. मग डॉक्टरबाई दारात आल्या, खाली मांडलेला काटा पाहिला, आणि एकेक पायरी उतरून आल्या. अकराच्या अकरा. मागून कौशल्या सिस्टर कार्ड घेऊन.

शामला उघड्या फळ्यावर बसली. पोतं नाही, दुपट्टा नाही. देवाजीने वजनं चढवली आणि दांडीवरचा हात काढून चार पावलं मागे सरला. 'लाभ' म्हणायलाही तो धजला नाही. डॉक्टरबाईंनी वाकून आकडा वाचला, मग सिस्टरला वाचायला लावला.

साडेपंचेचाळीस. महिन्यात एक किलो वाढ.

डॉक्टरबाईंनी मग हातगाडीकडे पाहिलं. "सिस्टर, चादर आणा. आणि आयाबाईंना बोलवा, आडोसा धरायला."

नऊ महिन्यांपैकी आठव्यात, हातगाडीच्या फळ्यांवर, शामलाला पहिल्यांदा आडवी करून कोणी तपासलं. गाडी बसकी होती, ती आपली आपण चढली. डॉक्टरबाईंचे हात पोटावर फिरले, दाबून थांबले, पुन्हा फिरले. नळी लावून त्यांनी ठोके मोजले. चादरीमागे आयाबाईंची कंबर तोवर अगदी ठणठणीत उभी होती.

"मूल चांगलं वाढलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "भरती नको. वेळेवर ये."

त्या दिवशी त्यांनी वर अर्ज केला: बसून वजन घेता येईल असा काटा आणि एक बुटकं टेबल मिळावं. अडीच महिन्यांनी उत्तर आलं. सदर वस्तू मंजूर यादीत नाहीत. सबब मागणीचा विचार करता येत नाही. डॉक्टरबाईंनी ते उत्तर शामलाला दाखवलं. शामलाने वाचून परत दिलं आणि म्हणाली, "अक्षर मोठं चांगलं हाये, बाई."

तोवर मुलगी झालेली होती. दिवस भरून, वेळेवर, आणि अख्खा वॉर्ड उठवील असा आवाज घेऊन आलेली. घरी सोडायच्या दिवशी कौशल्या सिस्टरने बाळाला तागडीच्या परडीत ठेवलं, टोपडं सारखं केलं, आकडा पाहिला आणि कार्डावर लिहिलं: दोन किलो सातशे. शामला पाहत होती. बाळाला कोणी उभी राहा म्हटलं नाही. उभं राहता येत नाही म्हणून तिला कोणी परतही पाठवलं नाही. तिच्यासाठी परडी होती, मऊ कापड होतं आणि दोन्ही हातांनी धरणारं माणूस होतं.

सिस्टरचा पेन पुढच्या, आईच्या वजनाच्या रकान्याकडे गेला आणि सवयीने चालू लागला. शामलाने परडीतून लेक उचलून घेतली.

मुलीला पदरात बांधून ती फरशीवरून सरकत दाराशी आली. बळीराम उंबऱ्याच्या बाहेर, काठीच्या पलीकडे, उभा होता. त्याने आधी लेकीला घेतलं.

"किती भरली वं?"

"दोन किलो सातशे. देवाजीकाकाले सांगजा, कडता न कापता."

बळीराम हसला. मग म्हणाला, "अन् तू?"

शामलाने कार्ड त्याच्यापुढे धरलं. बळीरामला वाचायला वेळ लागायचा, पण हे तीन शब्द त्याला आता पाठ होते. त्याने कार्ड खिशात घातलं, लेक खालपर्यंत आणायला मधुसूदनच्या हातात दिली, आणि बायकोला उचलून पायऱ्या उतरू लागला.