कड्यावरची वेल

पाहुण्याने पाण्याचा पेला तोंडाला लावलाच नाही. सूनबाईच्या नवऱ्याच्या लष्करी तुकडीतला सोबती तो, रजेवर जाताना वाट वाकडी करून आलेला. खुर्चीच्या कडेला टेकून त्याने तिच्या हातात एक कडं ठेवलं. तोफगोळ्याच्या रिकाम्या पितळी नळकांड्याचं, वर पानांची वेल कोरलेली. "त्यानं तुमच्यासाठी करायला घेतलं होतं," एवढंच बोलला.

सासूबाईंचा आनंद गगनात मावेना. "बघितलंस? लढाईत नकशी सुचतेय म्हणजे लेक माझा खुशाल आहे. उगाच जीव टांगणीला लावून बसलीस." आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

सूनबाईलाही हायसं वाटलं. कित्येक आठवडे त्याची खबरबात नव्हती. फौजेत जाण्याआधी नवरा पितळेवर नकशी करायचा, सगळी गल्ली त्याला डावऱ्या म्हणायची. तो कोरायचा, ती घासून चकाकी आणायची. डाव्या हातामुळे त्याच्या पानाची डावी कड खोल उतरायची. गिऱ्हाइकं नावं ठेवायची, तर हा म्हणायचा, ही माझी सही समजा.

सवयीने तिचा अंगठा वेलीवरून फिरला. पहिली पानं त्याचीच. तिला हसू आलं. मग एका अर्धवट पानापाशी अंगठा अडखळला. त्यापुढचं पानन्‌पान उजवीकडे खोल होतं, रेघही नवशिक्याची, वेडीवाकडी.

हातातलं काम डावऱ्याने कुणाला शिवू दिलं नव्हतं, तिलासुद्धा नाही. हात दुखावला असेल, तिने स्वतःला बजावलं. मेलं मन, आशा सोडतंय थोडंच.

"ही पुढची पानं कुणाची, भाऊजी?"

पाहुण्याने उजवा हात मांडीखाली सरकवला. तरी बोटांवरचे छिन्नी निसटल्याचे ओरखडे तिला दिसले.

"अर्धं कडं कसं आणून द्यायचं, वहिनी? मला ते काम येत नाही. जमेल तसं केलं." पेल्याकडे बघत तो म्हणाला, "सरकारी निरोप येईलच. म्हटलं, त्याआधी हे तुमच्या हाती पडावं."

तिने कडं मुठीत घट्ट धरलं.

आतून कपबशा वाजल्या. "अगं, घातलंस का? आण इकडे, बघू दे माझ्या लेकाच्या हातचं काम."

तिने कडं मनगटात चढवलं. डावऱ्याची पानं वर येतील असं फिरवलं, बाकीची तळहाताच्या बाजूला गेली.

"आले, आई," ती म्हणाली.