तारघरामागची शेंदरी नळी

बहात्तरच्या दुष्काळात पाथर्डीकडच्या एका गावी पोचलो, तर तारघरामागे ही गर्दी! बायका हंडे घेऊन रांगेत, आणि मधोमध जमिनीत गाडलेली, शेंदूर फासलेली लोखंडी नळी. निम्मा हंडा गोरक्षबुवाच्या रांजणात, निम्मा नळीवर. "बोल, भूमाते!" बुवा आरोळी ठोकायचा आणि तारघरातलं अडकलेलं यंत्र कडकट्ट बोलू लागायचं. लोक गालांत मारून घ्यायचे.

"रोज ऊन चढलं की मजकूर मध्येच अडकतो हो," पोस्टमास्तर सुमंत म्हणाले. "बुवांनी पाणी वाहिलं की चालू. मी तरी काय करू?"

त्याच बिघाडासाठी मला, लाइनमनला, नगरहून धाडलं होतं. बॅटरी पाहिली, चांगली. खांबावरची तार पाहिली, चांगली. टेबलावर अर्धीच गेलेली तार पडली होती: 'हगवण-उलटी, डॉक्टर पाठवा.'

"कुणाची ही?"

"बनुबाईची. तिची दोन वर्षांची नात आजारी आहे."

बनुबाई रांगेतच होती. "काल बी हंडा वाह्यला," ती म्हणाली. "बुवा म्हनं, कुनी तोंड न लावलेलं पानी पायजे. पोरीला घोटभर बी दिलं न्हाई. तिच्यासाठीच तार जायची हाय नव्हं?"

माझं डोकंच फिरलं. समोरच्या हॉटेलातली कपबशा विसळलेल्या पाण्याची बादली उचलली.

"विटाळ! यंत्र कायमचं मरंल!" बुवा किंचाळला.

मी ती घाण नळीवर ओतली. आत यंत्र खडखडलं. बनुबाईची तार पुरी गेली.

"ऐका," मी ओरडलो. "तारेची वीज खांबावरून जाते, या नळीतून जमिनीत उतरते. जमीन वाळली की तिची वाट बंद, ओली केली की चालू. सांडपाणीही चालतं! हा गोरक्ष तीन वर्षांपूर्वी माझ्याच हाताखाली खांब रोवत होता. नळीवर पाणी घालायला मीच शिकवलं या भामट्याला!"



बनुबाईचाच हंडा घेऊन मी तिच्या घरी धावलो. पोरीच्या तोंडात चमच्यानं पाणी घातलं; ते ओठांच्या कडेनं बाहेर आलं. डॉक्टर संध्याकाळी आले. म्हणाले, "हगवणीत अंगातलं पाणीच जातं. पाजत राहिला असता, तर बहुधा वाचली असती."

"नळीला घान पानी बी चाललं असतं?" बनुबाईनं मला तीनदा विचारलं.

"व्हय, आजी." दुसरं काय सांगणार?

बाबांनो, चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी विचारा, हे असं का होतं? आणि आजारी लेकराच्या तोंडचं पाणी कुणी मागितलं, तर तो साक्षात देव असला तरी देऊ नका.