धरणाखालची वस्ती

“खाली वस्ती न्हाय, सायेब. गुरांचं गोठं हायत नुस्तं,” सरपंच गणपतराव धरणाच्या बांधावरून खाली हात करत म्हणाले.

पूर्णिमा तेवढ्यात बांधावर चढून आली. खालच्या वस्तीत ती अंगणवाडी चालवायची. पाहणीला साहेब आल्याचं कळताच पोरांची खिचडी मदतनिसाच्या हवाली करून ती तशीच निघाली होती. सरपंचांचे शब्द कानावर पडले आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली.

गावचं हे लहानसं मातीचं धरण. यंदा पायथ्याला ओल धरली होती, आणि आता तिथून गढूळ पाणी झिरपत होतं. खाली माणसं राहतात असं ठरलं, तर धरण धोक्याच्या वर्गात जाणार आणि दुरुस्ती होईस्तोवर पाणी सोडून द्यावं लागणार. मग ऊस वाळणार. म्हणून गावानं बैठक घेऊन ठरवलं होतं, वस्तीचं नाव काढायचं नाही. पूर्णिमाचा नवरा कृष्णातही तिथं मान डोलावून आला होता. त्यांचाही ऊस ह्याच पाण्यावर, आणि सरपंच त्याचे सख्खे चुलते.

“मामंजी, मग मी ऱ्हातो कुठं? गोठ्यात?”

सगळे वळले. सरपंचांच्या मागं उभा असलेला कृष्णात खाली बघू लागला.

“सूनबाई, घरला जा. गावाचं काम चाललंय हितं.”

“आनि आमी गावात न्हाय व्हय?” ती साहेबांकडे वळली. “चला सायेब, गोठं दावतो तुमास्नी.”

तरुण अभियंता अभिनंदन घुटमळला. “बाई, नकाशात इथं शेतीच आहे.”

“नकाशात न्हाईत म्हणून बुडायची न्हाईत व्हय पोरं?”

ती पायऱ्या उतरू लागली. मागं वळून बघितलंसुद्धा नाही. थोड्या वेळानं अभिनंदनच्या बुटांचा आवाज आला.

अंगणवाडीत पोरं खिचडी खात होती. नवा माणूस बघून ती उठली आणि खरकट्या हातांनीच “नमस्ते सायेब!” म्हणून ओरडली. अभिनंदननं दारातून वर पाहिलं. समोर नुसता धरणाचा भराव होता. आभाळ बघायला त्याला मान मागं टाकावी लागली.

“किती घरं आहेत?” त्यानं हळूच विचारलं.

“चला की. दारं मोजू.”

महिन्याभरात धरण धोक्याच्या वर्गात गेलं. पाणी सोडलं. ऊस करपला. दुरुस्तीचं मात्र कुणी नाव काढेना.

डेअरीत दूध घालायला गेली, की बायका रांगेतूनच विचारायच्या, “काय गं, फुटलं का धरण?”

“फुटाय पायजे हुतं व्हय?” ती फाडकन म्हणायची. ज्यांची पोरं तिच्या मांडीवर वाढली, त्या वस्तीतल्या बायकाही ऊस गेल्याच्या रागानं तोंड फिरवून उभ्या राहायच्या. सरपंचांपेक्षा त्यांचाच तिला जास्त संताप यायचा.

कृष्णात घरात बोलायचा बंद झाला होता. एका सकाळी तो कोयता घेऊन वाळलेला ऊस तोडायला निघाला. पूर्णिमानं दुसरा कोयता उचलला आणि त्याच्या मागोमाग गेली.

तो सरीत शिरला. ती शेजारच्या सरीत शिरली. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, पण जा म्हणाला नाही.

वाळलेली धाटं चिवट झाली होती. दातओठ खात ती एकेक तोडत राहिली.