सरकार आधी जेवतात

राहात्याच्या काकासाहेबांनी लव्हबर्डची जोडी आणली, कारण देशी पोपट पाळला तर फॉरेस्टवाले धरतात. आपल्याच बागेतले पेरू कुरतडणारा पोपट पिंजऱ्यात घातला की गुन्हा, आणि आफ्रिकेतला घातला की शौक. काकासाहेब गुन्ह्याला घाबरणारे नव्हते. पण एका पुढाऱ्याच्या बंगल्यात त्यांनी ह्या पाखरांचे पिंजरे बघितले होते, आणि पुढाऱ्याच्या ओसरीवर जे आहे ते आपल्या ओसरीवर नसलं की त्यांना रात्री झोप यायची नाही.

पाखरं विकणारा सूर्यभान सरळ माणूस. कोपरगाव रस्त्याला पत्र्याच्या शेडात त्याची पैदास चालायची. त्यानं आधीच सांगितलं, "काकासाहेब, ह्येंच्यात नर कंचा, मादी कंची, डोळ्यानं कळत न्हाई. पीस उपटून तपासाय पाठवावं लागतं पुण्याला. पाठवू का?"

"आमच्या घरात नर वळखायला पुण्याला जावं लागत न्हाई," काकासाहेब म्हणाले.

आणि खरंच लागलं नाही. ओसरीवर पिंजरा टांगला, भिजवलेल्या राळ्याची एकच वाटी आत ठेवली, सगळं घर समोर उभं राहिलं. थोराड पाखरू पुढं झालं. दुसरं जवळ आलं तशी त्याला चोच हाणून दांडीच्या कोपऱ्यात बसवलं, निवांत पोटभर खाल्लं आणि चोच पुसत बाजूला झालं. मग दुसरं आलं आणि उरलंसुरलं टिपायला लागलं.

"हा नर," काकासाहेब म्हणाले.

बनाबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, मान हलवली. कुणाला शंका आली नाही. त्या घरात आधी काकासाहेब आणि मुलगा कल्याण जेवायचे, ते हात धुऊन उठले की बनाबाई, आणि बनाबाईंना वाढून झालं की सून अश्विनी. चार पिढ्या हेच चाललेलं. शास्त्र म्हणतात ते दुसरं काय असतं. थोराड पाखराचं नाव पडलं सरकार, दुसऱ्याचं राणी.

सरकारच्या कर्तृत्वाला मग सीमा राहिली नाही. त्यानं काकासाहेबांच्या बोटाचा लचका तोडला, काकासाहेब कौतुकानं म्हणाले, "रग हाय गड्यात." केळीच्या वाळक्या पानाच्या चिंध्या कातरून, शेपटाच्या वरच्या पिसांत खोचून तो अंड्यांसाठी टांगलेल्या मडक्यात नेऊ लागला, तेव्हा तर त्यांनी शेजारपाजार गोळा केला. "बायकूसाठी घर बांधतोय. ह्याला म्हनत्यात कर्ता पुरुष." हे बोलत होते ते काकासाहेब, ज्यांनी उभ्या जन्मात घरात एक खिळा ठोकला नव्हता.

आणि मडक्यात अंडी झाली. एका पाखराला शोभणार नाहीत इतकी झाली. कल्याणचं मोबाईलचं दुकान, म्हणून तपासणीचं काम त्याच्याकडं. त्यानं एकेक अंडं मोबाईलच्या उजेडावर धरलं. आत पिल्लू धरलं असेल तर तांबडी रेघ दिसते. रेघ कुठंच नव्हती.

"समदी वांझ हायेत," तो मोठ्यानं म्हणाला.

आत अश्विनी भाकरी थापत होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती. हा शब्द स्वयंपाकघरात नवा नव्हता, पण आजवर तो शेजारणीच्या तोंडून, पाव्हण्यांच्या तोंडून, आडवळणानं यायचा. आज नवऱ्याच्या तोंडून सरळ आला. पाखराच्या नावानं आला एवढाच काय तो आडपडदा.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी अश्विनीच्या सगळ्या तपासण्या केल्या होत्या. सुया, सोनोग्राफी, नळ्यांचा फोटो. काही दोष नाही, आता मिस्टरांना तपासू, असं बाईंनी तोंडावर सांगितलं. मिस्टर तेव्हा बाहेर गाडीत गाणी ऐकत बसले होते. "मला काय धाड भरलीय?" म्हणाले. बनाबाईंनी त्यावर कळस चढवला, "बाप्या मानसाला कुटं तपासत असत्यात व्हय." गाईसाठी वळूचं वीर्य घेताना मात्र ह्याच घरात त्या वळूच्या आईच्या दुधापर्यंत चौकशी व्हायची.

दुसऱ्यांदा अंडी फुकट गेली तेव्हा काकासाहेबांनी निकाल दिला. "मादीत खोट हाय. बदला." सूर्यभान येऊन राणीला घेऊन गेला. जाताना म्हणाला, "पीस तरी पाठवू द्या." कुणी ऐकलं नाही. अश्विनीनं मडकं घासलं, उन्हात वाळवलं, नवा भुसा घालून परत टांगलं.

आणि त्याच आठवड्यात बनाबाईंचे भाऊ रंभाजी पारनेरहून येऊन ओसरीवर कुजबुजून गेले. त्यानंतर बनाबाईंचा आवाज एकाएकी मऊ झाला.

"अश्विनी, थोडं दीस म्हायेराला जाऊन ये गं. तुला बी इसावा."

अश्विनीला कळलं. मादी बदलायची होती. कपाटावरची बॅग सासूनं स्वतः काढून, झटकून दिली. सहा वर्षांत सासूनं तिच्यासाठी स्वतः केलेलं हे पहिलं काम.

रविवारी तिनं जायचं होतं, पण आधी पाव्हण्यांचा स्वयंपाक करून. कल्याणसाठी बघितलेल्या मुलीचा बाप येणार होता. त्याला बाकी काय सांगितलं असेल ते असेल, पण सोडचिठ्ठीचं काम होतंच आलंय असं सांगितलं होतं, आणि ज्या बाईला सोडायचं तिच्याच हातचं पुरण त्याला खाऊ घालायचं होतं. लाज नावाची गोष्ट त्या घरात तिजोरीत ठेवलेली असावी.

रंभाजी पाव्हण्याला घेऊन आले. भीमराज नाव, गडी शेळीपालनातला, कमी बोलणारा. काकासाहेबांनी त्याला आधी पिंजऱ्यापुढं नेलं. सरकार दोन दिवसांपासून दांडी सोडून खालच्या ट्रेमध्ये अंग फुगवून बसला होता.

"नर हाय. लई रगेल," काकासाहेब म्हणाले. "मादी खोटी निघाली, परत दिली. तवापासून जरा इरहात हाय."

भीमराज वाकून बघत राहिला. "शेपूट लई खालीवर करतंय."

"आठवन येती त्याला."

अश्विनी चहाचा ट्रे घेऊन दारात आली तेव्हा विरही सरकार अंग ताठ करून थरथरला, मागं सरकला, आणि त्याच्या बुडाखाली पांढरंशुभ्र अंडं पडलं. पिंजऱ्याच्या ट्रेवर टक्कन वाजलं, घरंगळलं आणि पाण्याच्या वाटीला टेकलं.

रंभाजी मोबाईल काढून उगाच त्यात बघायला लागले.

"राणीचं राहिलं आसंल," बनाबाई म्हणाल्या. डोळ्यांदेखत पडलेल्या अंड्यावर बोलायला सुद्धा छाती लागते.

"तुमी ह्याला नर म्हनला," भीमराज शांतपणे म्हणाला. "कशावरनं?"

अश्विनीनं सांगितलं.

"ते आधी जेवतात ना, म्हणून."

भीमराजनं तिच्याकडं बघितलं. मग कल्याणकडं बघितलं. माणूस जनावरात वाढलेला, त्याला फोडून सांगावं लागलं नाही.

"पोरगं तपासलंय का?" त्यानं विचारलं.

"आवो, त्याला काय झालंय," रंभाजी म्हणाले.

"मी बोकड बी असा घेत न्हाई," भीमराज म्हणाला आणि चपला घालायला लागला. रंभाजी त्याच्यामागं धावले. भाच्यासाठी नसेल, पाव्हणा न जेवता निघाला म्हणून असेल.

पुरणपोळ्यांची चळत तशीच राहिली. अश्विनी आत गेली. तिनं एक ताट घेतलं, दोन पोळ्या वाढल्या, वर तुपाची धार सोडली आणि ताट बाहेर आणून ओसरीवर काकासाहेबांच्या पाटावर बसली. पहिला घास घेतला.

"आगं, मामंजी जेवायचेत आजून," बनाबाई म्हणाल्या. आवाज मात्र खाली गेला होता.

"वाढते त्यांना. माझं होऊ द्या, आत्या." मग ती नवऱ्याला म्हणाली, "उद्या नगरला जायचंय. ह्या खेपेला आत तुमी जायचं. मी गाडीत गाणी ऐकते."

"बघू," कल्याण म्हणाला.

"बघू न्हाई. न्हाईतर भीमराज पाव्हण्यांचा नंबर हाय माज्याकडं, समद्या तालुक्याला सांगतील ते." नंबर तिच्याकडं नव्हता. पण कल्याणनं मान खाली घातली आणि गाडीची किल्ली खिशातून काढून तिच्या ताटाशेजारी ठेवली.

काकासाहेबांनी कुणाकडं बघायला नको म्हणून सूर्यभानला फोन लावला. "आरं, मादी नको. नर पाठव."

"पाठवतो की," सूर्यभान म्हणाला. "पर काकासाहेब, तुमची नर वळखायची रीत काय हुती म्हनला?"

काकासाहेबांनी सुनेच्या ताटाकडं बघितलं. ती दुसरी पोळी मोडत होती. त्यांनी फोन ठेवून दिला.