खंदकातली दाढ

महायुद्ध पेटलं, पेट्रोल कुपनावर गेलं आणि ग्लेनबर्वीच्या शाळेतल्या पोरांचे दात देवाच्या हवाली झाले. जवळपासचे दातांचे डॉक्टर फौजेबरोबर इजिप्तला गेलेले. उरल्या त्या फक्त दातांच्या नर्स इथेल टॉमलिन. त्या वर्षभराने आज उगवल्या, त्याही सायीचे डबे वाहणाऱ्या लॉरीतून. लॉरी दुपारी परतणार होती.

तेवढ्या वेळात मोराग डनची दाढ भरायची होती. नाहीतर रविवारी तिचा बाप पक्कड घेऊन बसणार होता. "मेंढ्यांचे दात पडतातच की!" असं तो फाटकातच बाईंना सांगून गेला होता. मेंढ्यांशी त्याचा संबंध दांडगा. पण ही दाढ कायमची, गेली की गेली.

बाईंनी दात कोरायचं, पायाने चालवायचं यंत्र मांडलं मात्र, धोक्याची घंटा घणघणली. पोरं खंदकात पसार, त्यांच्यामागे यंत्र उचलून बाईही. प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला बूच. बाँब पडला तर जीभ चावू नये म्हणून ते दातांत धरायचं. मिटल्या तोंडांची रांगच्या रांग बाईंकडे बघू लागली.

"विमान कुठाय, मास्तर?" बाईंनी विचारलं.

"दिसत नाही, हाच तर धोका!" हेडमास्तर प्रिंगल म्हणाले. हवाई हल्ल्याची व्यवस्थाही त्यांच्याकडेच होती.

"घंटा कुणी वाजवली?"

"चौकशी होईल. पण वाजली म्हणजे वाजली. मी शिट्टी फुंकेपर्यंत बूच काढायचं नाही, अन् तासाच्या आत मी फुंकत नाही."

मोरागच्या तळहातांवर घंटेच्या दोरीचे लाल वळ होते. ते बाईंनी पाहिले. घड्याळही पाहिलं. तोंड उघडत नाही तिथे नर्स काय करणार? पण बूच आत असल्याने दात मिटतही नव्हते.

"मास्तर, बूच कुठल्या बाजूला धरायचं, असं नियमात आहे?"

मास्तरांनी डोकं खाजवलं. "बाजूचं काही नाही."

"मग मोराग, डावीकडे सरकव. आणि मास्तर, चिखलात माझा पाय ठरत नाही. यंत्राचा पायटा तुम्ही मारा."

"मी? अहो, हल्ला चालू आहे!"

"म्हणूनच जोरात मारा."

मास्तर पायटा मारू लागले. यंत्र घुरघुरलं. मोरागने डोळे घट्ट मिटले. बूच मात्र सोडलं नाही, शिस्तीची पोर. कीड निघाली. दाढेत भरायची चांदी घोटून होते न होते तोच लॉरीचा भोंगा वाजला.

"नर्सबाई, येताय का?" ड्रायव्हर ओरडला. "साय नासतेय!"

"जरा थांब!"

"साय थांबत नाही, बाई!"

मास्तरांचा हात शिट्टीकडे गेला. "खबरदार!" बाई खेकसल्या. "फुंकलीत तर बूच थुंकेल ती, अन् दाढ जाईल."

चांदी घट्ट व्हायला लागली होती. बाई ती दाबत राहिल्या. लॉरीचा आवाज टेकाडापलीकडे गेला. उद्या पलीकडच्या शाळेतली पोरं बाईंची वाट बघत फाटकाशी उभी राहतील, नाहीतर बाई आल्या नाहीत म्हणून खुशीने नाचतील. कुठल्याही विचाराने बाईंच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

"झालं," त्या म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत त्या बाजूने चावू नकोस. आणि बापाला सांग, पक्कड मेंढ्यांसाठी ठेव."

मोरागने मान हलवली. बाकीची पोरं, सगळ्यात पुढे बिल, कडेकडेने सटकू लागली.

"लॉरी परवा येणार," बाई हात पुसत म्हणाल्या. "मास्तर, पाय दुखत असेल तर दुसरा लावा. बिल, तू उजवीकडे सरकव रे."